दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ: कागद-पेन्सिलीने काढायची माझी पद्धत

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. सुरुवातीला फक्त ट्रॅव्हल्सच्या गाड्यांची तिकिटं होती, मग पुणे-मुंबईहून उडणाऱ्या विमानांची आली. ९ जून २०२५ ला आपल्या होटगी रस्त्याच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचं झालं, आणि तेव्हापासून काउंटरवर रोज एक प्रश्न येतो: "ताई, विमानानं किती तास लागतंय?"

मोबाइलवर विचारलं की उत्तर लगेच येतं, पण सोलापूर-मुंबईसाठी कुठे ३६१ किलोमीटर दिसतात, कुठे ४००, कुठे ४५५. वेळ कुठे अर्धा तास, कुठे तास. गिऱ्हाईक गोंधळतं. हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ३६१ हे आकाशातलं सरळ अंतर, ४०० च्या आसपास रस्ता, ४५५ रेल्वेचे रूळ. अर्धा तास म्हणजे अंतराला वेगानं भागून आलेलं उत्तर, आणि तास म्हणजे तिकिटावर छापलेला वेळ. आपल्याला नेमका कुठला आकडा हवा आहे ते कळलं, की तो स्वतः काढता येतो. माझ्या टेबलाच्या काचेखाली हिशेबाचा एक कागद ठेवलेला आहे. त्यावर जे आहे तेच इथे सविस्तर लिहिते.

आधी विमानतळ पक्का करा

शहराचं नाव पुरत नाही. तिकिटावरची तीन अक्षरं वाचा. सोलापूर एसएसई. मुंबईचं जुनं विमानतळ बीओएम, आणि डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेलं नवी मुंबईचं एनएमआय. गोव्यात दाबोळी म्हणजे जीओआय आणि मोपा म्हणजे जीओएक्स. सोलापूरचं विमान मोपाला जातं.

हे मी एवढं का सांगते? गेल्या पावसाळ्यात नवीन लग्न झालेलं एक जोडपं दुकानात आलं. जायचं तिकीट सोलापूर-मोपा, परतीचं गोवा-पुणे, तेही पहाटेचं. दोन्ही त्यांनी मोबाइलवर स्वतः काढलेली. परतीच्या तिकिटावर जीओआय होतं, आणि हॉटेल घेतलं होतं पेडण्यात, मोपाच्या अगदी जवळ. मोपा ते दाबोळी रस्त्याने साठेक किलोमीटर आहे. पहाटेच्या विमानासाठी त्यांना मध्यरात्री टॅक्सी करून अख्खं उत्तर गोवा ओलांडावं लागलं असतं. शेवटच्या रात्रीचं हॉटेल वास्कोला बदलून घेतलं आणि निभावलं. तीन अक्षरं वाचायला दोन सेकंद लागतात.

अंतर: जवळचं असेल तर

आता हिशेब. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मोबाइलच्या नकाशावर धावपट्टीवर बोट दाबून धरलं की मिळतात. दशांश चिन्हानंतर दोन आकडे पुरेत.

सोलापूर: १७.६३ उत्तर, ७५.९३ पूर्व.
मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व.

अक्षांशातला फरक १.४६ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, पृथ्वीवर कुठेही. १.४६ गुणिले १११, झाले १६२ किलोमीटर. एवढं आपण उत्तरेला गेलो.

रेखांशातला फरक ३.०६ अंश. इथे मात्र थेट १११ ने गुणायचं नाही. रेखांश विषुववृत्तावर सगळ्यांत दूर असतात आणि ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात, सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारखे. म्हणून दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाचं कोसाइन (सायंटिफिक कॅल्क्युलेटरवरचं cos बटण) घेऊन त्याने गुणायचं. आपल्या पट्ट्यात ते ०.९५ आहे, म्हणजे इथे एक अंश रेखांश साडेएकशेपाच किलोमीटरचा. ३.०६ गुणिले १०५.५, झाले ३२३. एवढं आपण पश्चिमेला गेलो.

आता काटकोन त्रिकोण तयार झाला. एक बाजू १६२, दुसरी ३२३. दोघांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ: ३६१ किलोमीटर. झालं सोलापूर ते मुंबईचं हवाई अंतर.

याच रीतीने सोलापूर-मोपा ३०४ येतं आणि सोलापूर ते हैदराबादचं शमशाबाद २६८. रेल्वेचे ४५५ आणि हवेतले ३६१, हा जवळजवळ शंभर किलोमीटरचा फरक कुठून आला ते नकाशा उघडला की दिसतं. रूळ आधी कुर्डुवाडी-दौंडकडे वायव्येला चढत जातात, मग पुण्याकडे वळतात, मग बोरघाट उतरतात. विमानाला दौंडला थांबायचं नसतं.

पाच-सहाशे किलोमीटरपर्यंत ही रीत अगदी चोख चालते. पुणे-दिल्लीसाठीही मी हीच वापरते, ११५७ किलोमीटर येतात आणि फरक पडला तर किरकोळ पडतो. त्यापुढे पृथ्वीचा गोलपणा आडवा येतो.

अंतर: लांबचं असेल तर

माझे वडील गिरणीत होते. घरात सुताची कोन कायम असायची, आणि मुलाच्या शाळेसाठी घेतलेला पृथ्वीगोल आता दुकानात आहे. लांबचं अंतर मला पहिल्यांदा या दोन वस्तूंनी समजलं, आणि गिऱ्हाइकाला मी आजही तसंच दाखवते.

पृथ्वीगोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्याचा घेर ९४ सेंटिमीटरच्या थोडा वर भरतो. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. म्हणजे गोलावरचा १ सेंटिमीटर म्हणजे ४२५ किलोमीटर. दोरा एका टोकाला मुंबईवर दाबून धरायचा, दुसरं टोक न्यूयॉर्कवर ओढायचं, आणि तो ताठ होऊन स्वतःहून जिथे बसेल तिथे बसू द्यायचा. मग पट्टीवर मोजायचा. मुंबई-न्यूयॉर्क साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर.

पण खरी बघण्यासारखी गोष्ट दोऱ्याची वाट आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात मुंबईहून न्यूयॉर्कला पट्टी लावली तर रेघ अरबस्तान, इजिप्त, अटलांटिक अशी जाते. दोरा मात्र उत्तरेकडे चढतो. नॉर्वे, आइसलँडची बाजू, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, आणि तिथून कॅनडावरून खाली उतरतो. भूगोलाच्या पुस्तकात याला बृहद्‌वृत्त म्हणतात. गोलावरचा सगळ्यांत जवळचा रस्ता हाच. अमेरिकेत मुलीकडे पहिल्यांदा निघालेल्या एका आजींना मी हा दोरा हातात दिला होता. विमानातल्या पडद्यावर विमान वर वर जाताना दिसेल, ते वाट चुकलेलं नाही, हे त्यांना घरूनच माहीत झालं.

दोऱ्याने शंभर-दोनशे किलोमीटर इकडेतिकडे होतं. नेमकं हवं असेल तर मोबाइलचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घ्या. आधी तो अंशांवर लावलेला आहे ना ते तपासा: साइन ३० टाकल्यावर ०.५ आलं पाहिजे. काही वेगळंच आलं तर पुढचं सगळं चुकणार.

उदाहरण मुंबई-फ्रँकफर्टचं घेते. आपले टॉवेलवाले दर जानेवारीत तिथल्या घरगुती कापडाच्या प्रदर्शनाला जातात, त्यामुळे हा हिशेब मला तोंडपाठ आहे. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. फ्रँकफर्ट ५०.०३ उत्तर, ८.५७ पूर्व. रेखांशातला फरक ६४.३.

पहिला गुणाकार दोन्ही अक्षांशांच्या साइनचा: ०.३२७० गुणिले ०.७६६४, आले ०.२५०६.
दुसरा गुणाकार दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि त्याला रेखांशातल्या फरकाच्या कोसाइनने गुणायचं: ०.९४५० गुणिले ०.६४२४ गुणिले ०.४३३७, आले ०.२६३३.
बेरीज ०.५१३९. हिचं उलटं कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹) काढलं की ५९.०८ अंश मिळतात. एका अंशाचे १११.२ किलोमीटर धरले की ६५७० किलोमीटर.

एक ठिकाण पूर्व रेखांशावर आणि दुसरं पश्चिमेला असेल, न्यूयॉर्कसारखं, तर फरक काढताना बेरीज करायची. ७२.९ पूर्व आणि ७३.८ पश्चिम म्हणजे १४६.७ अंशांचा फरक. इथे बरेच जण वजाबाकी करून बसतात.

आणि हे सूत्र जवळच्या अंतराला वापरू नका. सोलापूर-मुंबईसाठी बेरीज ०.९९८३९ येते. तुम्ही ती ०.९९८ लिहिलीत की अंतर एकदम ४०३ किलोमीटर निघतं, चाळीसची चूक. जवळच्यासाठी त्रिकोण, लांबच्यासाठी हे.

सरळ रेघ आणि उडायची वाट

काढलेलं अंतर हे कमीत कमी अंतर आहे. विमान त्याहून थोडं जास्तच उडतं. वारा ज्या दिशेने असेल त्याच्या तोंडावर उड्डाण करायचं, मग वळून वाटेला लागायचं, उतरताना पुन्हा रांगेत यायचं. देशातल्या देशात एवढंच असतं. परदेशाच्या वाटेत मात्र देशांच्या हवाई हद्दी येतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली, आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमानं दक्षिणेला उतरून अरबी समुद्रावरून वळसा घालू लागली. पृथ्वीगोलावरचा दोरा तेवढाच राहिला, प्रवास लांबला. फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून रशियाची हद्द बहुतेक युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना मिळत नाही, त्याचाही असाच परिणाम. म्हणून एकाच मार्गावर दोन कंपन्यांच्या वेळांत तासाभराचा फरक दिसला तर त्यातली एक हळू उडते असं समजू नका. वाट वेगळी असू शकते.

हवेतला वेळ

अंतर भागिले वेग, अधिक अर्धा तास. माझं सूत्र एवढंच आहे.

पंख्याचं एटीआर विमान, जे गोव्याला जातं, त्याचा वेग ताशी ५१० किलोमीटर धरा. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या जेटला ८३०. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांना ९००. वरचा अर्धा तास हा धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, चढणं, उतरताना वेग कमी करणं आणि पुन्हा सरकत गेटपर्यंत येणं यासाठी. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि पोचून जागेवर थांबलं की संपतो, हवेत असतानाचा तेवढाच नव्हे. त्यामुळे हा अर्धा तास विसरला की उत्तर नेहमी कमी येतं, आणि अंतर जितकं कमी तितकी ही चूक मोठी.

सोलापूर-मोपा ३०४ किलोमीटर, एटीआरने ३६ मिनिटं, अधिक ३०, म्हणजे सव्वा तासाच्या आतच. सोलापूर-मुंबई छोट्या जेटने सव्वीस मिनिटं अधिक तीस, तासाला थोडं कमी. प्रत्यक्षात मुंबईसाठी मी आणखी दहा-पंधरा मिनिटं हाताशी ठेवायला सांगते. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. पुणे-दिल्ली ११५७ किलोमीटर, एक तास चोवीस मिनिटं अधिक अर्धा तास, दोनला सहा मिनिटं कमी. तिकिटावर दोन तासांच्या वर दिसतं, कारण कंपन्याही गर्दी धरूनच वेळ छापतात.

लांबच्या प्रवासात वाऱ्याचा हिशेब करावाच लागतो. आपल्या उत्तरेला, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढेही जातो. युरोपला जाताना विमान त्याच्या तोंडावर, येताना पाठीवर. म्हणून मी मोठ्या विमानाला जाताना ८०० आणि येताना ९०० धरते. फ्रँकफर्टला जाताना पावणेनऊ तास, येताना आठ तासांच्या आत. जाताना वळसा असला की नवाच्या वर जातं. जायचा आणि यायचा वेळ सारखा नसतो, हे परदेशी जाणाऱ्याला मी पहिल्यांदाच सांगून टाकते.

घड्याळ

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, आणि त्यातली एक माझ्याकडून झालेली आहे.

तिकिटावर सुटायची वेळ सुटायच्या गावाची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावाची. मुंबईहून ४:३० ला निघून दुबईला ६:१५. वाचणाऱ्याला वाटतं पावणेदोन तास. दुबई आपल्या दीड तास मागे आहे, खरा प्रवास सव्वातीन तासांचा. परत येताना दुपारी १:०० ला निघून ५:३० ला मुंबई, वाटतं साडेचार तास, असतो तीन तासांचा.

मी नेहमी कागदावर दोन रकाने पाडते: तिकिटाची वेळ आणि सोलापूरची वेळ. प्रत्येक आकडा सोलापूरच्या घड्याळात बदलून घ्यायचा आणि मगच वजाबाकी करायची. साधं आहे, पण घरच्यांनाही याचा उपयोग होतो. "आता कुठं असंल गं पोरगा?" असं आई रात्री विचारते, तेव्हा तिच्या हातात सोलापूरच्या वेळेचा रकाना असतो.

युरोपसाठी आणखी एक नोंद. जर्मनीतली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. म्हणजे हिवाळ्यात फ्रँकफर्ट आपल्या साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. दुबईत असं काही नाही, आपल्याकडेही नाही.

जाता जाता: पृथ्वी १५ अंश फिरायला एक तास घेते, एका अंशाला चार मिनिटं. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, मिर्झापूरजवळची. सोलापूर ७५.९ वर. म्हणून आपल्याकडे सूर्य घड्याळापेक्षा सव्वीस मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. लहानपणी घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर लावायचो, सूर्यावर नाही, त्याचं कारण मला हा हिशेब शिकल्यावर कळलं.

आता माझी चूक. आठ-नऊ वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतल्या काकांची मुंबईहून मस्कतची तिकिटं मी काढली. सुटायची वेळ १५ तारीख, ००:४०. मी तोंडी म्हणाले, "पंधरा तारखेला रात्री पावणेएकचं विमान." काका पंधरा तारखेच्या संध्याकाळी मुंबईला पोचले. विमान चौदाची रात्र संपून पंधरा उजाडायच्या आधीच, म्हणजे सतरा-अठरा तास आधी, निघून गेलं होतं. तिकिटावर काहीच चुकीचं नव्हतं, चूक माझ्या वाक्यात होती. नव्या तिकिटाचे पैसे मी भरले, पण ज्या लग्नासाठी ते निघाले होते त्यातली हळद त्यांना मिळाली नाही. पैशाने ती भरून निघत नाही.

तेव्हापासून रात्री बारा ते पहाटे तीनच्या प्रत्येक विमानासाठी मी तारीख सांगत नाही. मी सांगते, "सोमवारी रात्री जेवून विमानतळावर जायचं, विमान मंगळवार लागल्यावर सुटेल." वार बोलायचा, आणि विमानतळावर कधी पोचायचं ते बोलायचं. कागदावरही तसंच लिहून द्यायचं. पोचायच्या वेळेपुढे बारीक अक्षरात अधिक एक छापलेलं असेल तर पोचायचा दिवस दुसरा आहे, त्यावर पेनाने गोल करा.

घराच्या दारापासून

आता सगळे तुकडे जोडायचे. जुळे सोलापुरातल्या घरापासून मुंबईत फोर्टच्या ऑफिसपर्यंत बघू. रिक्षाने होटगी रस्ता वीस मिनिटं. देशांतर्गत विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून दीड तास आधी पोचायचं. विमानाचा तास-सव्वा तास. उतरून सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास. तिथून फोर्ट, दिवसा दीड तास धरा. एकूण पाच तास. वंदे भारत सोलापूरहून सकाळी निघून सीएसएमटीला साडेसहा तासांत सोडते, आणि फोर्ट तिथून चालत जाता येतं. स्टेशनला जायची वेळ धरली तरी फरक दोन तासांचा. सामान नसेल आणि काम अंधेरीत असेल तर विमानाचा फायदा मोठा, काम फोर्टात असेल तर मी रेल्वेच सुचवते. माझं कमिशन त्यात कमी होतं, पण सल्ला तोच.

गोव्यासाठी असा तोल करायची गरजच नाही. रस्त्याने विजयपूर-बेळगावमार्गे अख्खी रात्र जाते. विमानाने दारापासून मोपाच्या बाहेर पडेपर्यंत साडेतीन तास.

परदेशासाठी मात्र तुकडे जास्त असतात. मुंबईत तीन तास आधी. टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन वेगळ्या ठिकाणी आहेत, रस्त्याने जावं लागतं. सोलापूरहून येणारं विमान आणि पुढचं विमान वेगवेगळ्या तिकिटांवर असेल तर पहिल्याचा उशीर दुसऱ्या कंपनीला मोजायचा नसतो. अशा वेळी मी मध्ये किमान सहा तास ठेवते, आणि वृद्ध माणसं असतील तर आदल्या दिवशी पाठवते.

आणि आठवड्यातले वार तपासा. आपल्याकडून सगळी विमानं रोज नसतात. वेळापत्रक मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी बदलतं, तेव्हा पुन्हा एकदा बघा.

शेवटी हा सगळा हिशेब एकत्र कसा लागतो ते एका परतीच्या प्रवासावरून सांगते. २०२४ मध्ये फ्रँकफर्टचं प्रदर्शन ९ ते १२ जानेवारीला होतं. आमचे एक टॉवेलवाले दादा दरवर्षी जातात. नेमका गड्ड्याचा, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेचा काळ; त्यात संमती कट्ट्यावर अक्षतांचा सोहळा असतो. त्यांनी दुकानात येऊन एकच गोष्ट सांगितली, "भोगीला दुपारी संमती कट्ट्यावर मी असलोच पाहिजे. अक्षता आजवर चुकलेल्या नाहीत, यंदाही चुकवायच्या नाहीत." तेव्हा सोलापूरहून विमान नव्हतं. मी कागद घेतला.

फ्रँकफर्टहून दुपारी १:०० चं विमान. सोलापूरच्या घड्याळात संध्याकाळी ५:३०. येताना पाठीवर वारा, आठ तास. म्हणजे मुंबईत रात्री १:३०, तारीख बदललेली, भोगीचा दिवस लागलेला. इमिग्रेशन आणि बॅगा सव्वा तास, पावणेतीन. वंदे भारत मुंबईहून दुपारी चारनंतर निघते, तिचा उपयोग नाही. गाडी बोलवायची. चारशे किलोमीटर, रात्रीचा एक्स्प्रेसवे मोकळा, मध्ये चहाला एकदा थांबून सव्वासात तास. सकाळी दहा. अक्षता दुपारी. मध्ये दोन-अडीच तास शिल्लक, विमानाला तासाभराचा उशीर झाला तरी जमतंय. मी त्यांना हो म्हणाले आणि तिकीट काढलं.

विमान वीस मिनिटं उशिरा उतरलं. भोगीच्या सकाळी सव्वादहाला त्यांचा फोन आला, सोलापूरच्या वेशीवरचं बाळे ओलांडल्याचा. घरी जाऊन अंघोळ करून यात्रेची पांढरी बाराबंदी घालायला त्यांना पुरेसा वेळ मिळाला.